शिपाई आणि श्रीहरी : नट शाहू मोडक



१९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’ नामक चित्रगृहात ‘लाइफ ऑफ क्राइस्ट’ हा परदेशी मूकपट पाहत बसलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चर्मचक्षूंपुढून येशूचे चरित्र सरकत होते, तेव्हा त्यांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र श्रीकृष्ण आणि श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी स्वतःच पुढे ‘नवयुग’ मासिकातील आपल्या लेखांत नमूद करून ठेवले आहे. भारतीय चित्रपटसृष्टीच्या जन्माची ही कथा आपणांस पाठ आहे. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. ख्रिस्ताचे चित्र पाहून एका ब्राह्मणास पडद्यावर कृष्ण आणण्याची प्रेरणा व्हावी, आणि त्यानंतर सुमारे दोन तपांनी, पडद्यास वाचा फुटल्यावर, महाराष्ट्राच्या घरोघरी ज्याचा कृष्ण मान्य झाला तो नट अहमदनगरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला असावा, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर समीक्षकांनी तो अतिरेकी म्हणून बाजूला सारला असता. शाहू मोडक हे त्या नटाचे नाव. आजचे व्याख्यान त्यांच्याविषयी आहे.

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय माझ्या इच्छेवर सोपविला, तेव्हा मी हेच नाव का सुचविले, याचे एक कारण भूगोलात आहे. या छत्रपती संभाजीनगर शहराच्या पैठण दरवाजातून दक्षिणेस निघालेला रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरांवर पैठणास पोहोचतो. पैठण तालुक्यात गोदाकाठी आपेगाव, ज्ञानदेवांच्या घराण्याचे मूळ गाव, आहे. आणि तेथून पश्चिमेस प्रवरेच्या तीरावर नेवासे, जेथे भावार्थदीपिका सांगितली गेली, ते नगर जिल्ह्यात मोडते. ज्या नगरीच्या धर्मपीठाने संन्याशाच्या पोरांस शुद्धिपत्रासाठी तिष्ठत ठेवले ती आपल्या जिल्ह्यात, आणि त्या पोरांपैकी ज्याने जगास ज्ञान दिले त्याची मुद्रा प्रभात फिल्म कंपनीच्या पडद्यावर ज्याने धारण केली तो नट शेजारच्या जिल्ह्यातला. यास्तव मोडकांचे स्मरण करण्याचा मुंबई-पुण्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, अधिकार या शहरास पोहोचतो असे मला वाटते.

मोडकांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे झाला. नगरचा ख्रिस्ती समाज ही मराठी संस्कृतीच्या इतिहासातील एक विलक्षण घटना आहे आणि तिचे यथार्थ मूल्यमापन आपण अद्याप केलेले नाही. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे तेथे १८३१ साली पडले. सिंथिया फरार या अमेरिकन बाईंनी चालविलेली मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्यास परतले ते पुण्यात तसाच उद्योग आरंभण्याचा निश्चय करूनच, हे सर्वविश्रुत आहे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी याच गावी दीर्घकाळ वास्तव्य करून ख्रिस्ताची भक्ती अभंगाच्या आणि कीर्तनाच्या साच्यात ओतली; टाळ आणि मृदंग प्रार्थनामंदिरात नेले; तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशी आपली श्रद्धा ते उघडपणे बोलून दाखवीत. सारांश, नगरच्या ख्रिस्ती मुलास अभंग परका नव्हता, आणि देवाचे चरित्र गाऊन सांगण्याची रीतही परकी नव्हती. मोडकांच्या मुखी कृष्णाचे पद सहज शोभले याचे नवल करणाऱ्यांनी ही पार्श्वभूमी ध्यानी घ्यावी. धर्मांतराने दैवत बदलते. कानांत मुरलेली चाल पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

बोलपटाचा मराठीत अवतार १९३२ च्या फेब्रुवारीत प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने झाला. त्याच वर्षी पुण्यात दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनने ‘श्यामसुंदर’ काढला. दिग्दर्शक भालजी पेंढारकर. राधा शांता आपटे. आणि कृष्ण हा चौदा वर्षांचा शाहू. शांताबाईंचेही पडद्यावरील पदार्पण तेच. पार्श्वगायनाचा शोध अद्याप लागावयाचा होता. ज्याचे मुख त्याचाच कंठ, हा त्या काळचा अपरिहार्य कायदा होता, आणि यंत्रापुढे उभे राहून एकाच वेळी अभिनय करावयाचा, सुरात गावयाचे, शिवाय मान हलवून आवाज ध्वनिग्राहकापासून दूर जाऊ द्यावयाचा नाही, अशी तिहेरी कसरत कोवळ्या वयाच्या मुलांस करावी लागे. ‘श्यामसुंदर’ मुंबईत एकाच चित्रगृहात पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला आणि हिंदुस्थानातील रौप्यमहोत्सवी बोलपटांत त्याने अग्रमान पटकावला. चौदाव्या वर्षी मिळालेले असे यश हा वर असतो की शाप, याचा निर्णय त्या वयात होत नाही. पुढील पंचवीस वर्षांत होतो.

लगोलग १९३३ साली ‘औट घटकेचा राजा’ आला, त्याची हिंदी आवृत्ती ‘आवारा शहजादा’. मार्क ट्वेन या अमेरिकन ग्रंथकाराच्या राजपुत्र आणि भिकारी यांच्या अदलाबदलीच्या कथेवर तो आधारलेला होता, आणि त्यात राजपुत्रही मोडक व भिकारीही मोडक. भारतीय बोलपटातील पहिली दुहेरी भूमिका म्हणून तिची नोंद होते. (मूकपटात हा मान अण्णा साळुंके यांचा, १९१७ च्या ‘लंकादहना’त ते रामही झाले होते आणि सीताही.) तांत्रिक करामत म्हणून या भूमिकेचे कौतुक आजवर पुष्कळ झाले. मला तिच्यात वेगळेच काही दिसते. राजवस्त्रे आणि चिंध्या यांची अदलाबदल केली की लोक माणसाऐवजी वस्त्रांस मुजरा करतात, हा त्या कथेचा गाभा. आणि ज्या नटास पुढे आयुष्यभर पीतांबर आणि मोरपीस यांच्यामागे राहावयाचे होते, त्यास पंधराव्या वर्षीच हा धडा गिरवावा लागला होता.

आता मी १९३९ सालाकडे येतो, आणि तेथे थोडा रेंगाळणार आहे.

त्या वर्षी प्रभातने ‘माणूस’ काढला, हिंदीत ‘आदमी’. दिग्दर्शक व्ही. शांताराम. चार वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा, बरुआंचा ‘देवदास’ देशभर गाजला होता आणि प्रेमभंगाने मद्याच्या पेल्यात बुडून मरणे हा तरुणांच्या लेखी एक प्रकारचा पुरुषार्थ ठरू पाहत होता. त्या रोगट हळवेपणास शांतारामांनी दिलेले उत्तर म्हणून ‘माणूस’कडे पाहण्याचा प्रघात आहे आणि तो यथार्थ आहे. नायक गणपत हा पोलीस खात्यातला साधा शिपाई. छाप्याच्या वेळी मैना नावाच्या एका वेश्येस तो पकडण्याऐवजी वाचवितो, आणि तेथून त्याच्या आयुष्याची घडी विसकटते. मैना शांता हुबळीकरांनी केली. निरनिराळ्या प्रांतांतील गिऱ्हाइकांना त्यांच्या त्यांच्या भाषेत रिझविणारे तिचे ते बहुभाषी गीत आजही लोकांच्या ओठी आहे. गणपतची आई झालेल्या सुंदराबाई म्हणजे गायनाच्या तबकड्यांमुळे घराघरांत पोहोचलेला आवाज. चहावाला पोऱ्या झालेला मुलगा पुढे संगीत रंगभूमीवर नामांकित झालेले राम मराठे. झाडाझुडपांभोवती प्रेमगीते गाणाऱ्या तत्कालीन बोलपटांची एक खुसखुशीत टिंगलही या चित्रपटात आहे, आणि ती आजच्या चित्रपटांसही तितकीच लागू पडते.

एवढ्या गुणवंतांच्या गर्दीत गणपत झाकोळून जाणे स्वाभाविक होते, आणि समीक्षकांच्या लेखनात तो झाकोळलाही. मैनेवर जितके लिहिले गेले त्याच्या चतुर्थांशही गणपतवर लिहिलेले माझ्या वाचनात नाही. तथापि हा चित्रपट पाहताना माझी नजर उत्तरोत्तर त्या शिपायावरच अधिकाधिक खिळत गेली आहे. मैनेकडे बुद्धी आहे, जिभेला धार आहे, जगाचा अनुभव आहे. गणपतकडे सरकारी गणवेश आणि आईची शिकवण याखेरीज काहीही नाही. गणवेशात असतो तोवर त्याचा कणा ताठ, पाऊल खात्याच्या शिस्तीचे. आणि मैनेच्या खोलीत शिरताच त्याच पावलास आपण कोठे पडावे हे कळेनासे होते. कायद्याचा अंमल बजावणारा माणूस स्वतःच्या मनावर अंमल बसवू शकत नाही, हा संकोच मोडकांनी संवादांच्या आश्रयाने दाखविलेला नाही. खांदे किंचित आत ओढून, नजर समोरच्या माणसाऐवजी त्याच्या शेजारच्या भिंतीवर ठेवून, वाक्य उच्चारण्यापूर्वी अर्धा क्षण थांबून दाखविला आहे. नाट्यसृष्टीतून आलेले त्यांचे समकालीन तेव्हा पडद्यावरही अखेरच्या रांगेतील प्रेक्षकासाठी बोलत होते. या एकवीस वर्षांच्या तरुणास रंगभूमीचे ओझे नव्हते, तो कॅमेऱ्यापुढेच वाढला होता, आणि म्हणूनच कॅमेरा कुजबुजही ऐकतो हे त्यास ठाऊक होते.

गणपत मैनेस घरी आईकडे आणतो. आईचा निर्मळ जिव्हाळा मैनेस सोसवत नाही आणि ती निघून जाते. पुढे छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो, ती शिक्षा पत्करते आणि गणपतने देऊ केलेली सुटका नाकारते. येथवर ‘देवदास’चा मार्ग मोकळा होता. परंतु गणपत मरत नाही, संन्यास घेत नाही. तो पुन्हा चाकरीवर रुजू होतो. नायकाने रुजू होणे ही गोष्ट पडद्यावर रम्य करून दाखविणे किती कठीण आहे, याचा विचार नाट्यलेखकांनी करावा. मोडकांनी ती रम्य केली नाही, खरी केली. आणि मराठी चित्रपटातील मध्यमवर्गीय वा कनिष्ठ चाकरमान्या पुरुषाचे इतके सच्चे चित्र त्यानंतर फार काळ दिसले नाही, हे माझे मत मी या व्यासपीठावरून विचारपूर्वक नोंदवीत आहे. त्यांच्या सर्व भूमिकांत ही श्रेष्ठ. कृष्णापेक्षाही.

पण लोकांनी गणपत स्वीकारला तो शांतारामांचा म्हणून. मोडकांकडून त्यांना देवच हवा होता. १९४० साली, म्हणजे वर्षभराच्या आत, प्रभातनेच त्यांना ज्ञानदेव केले.

‘संत ज्ञानेश्वर’ विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीचा. चार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या ‘संत तुकाराम’ने मुंबईत एका चित्रगृहात वर्षाहून अधिक मुक्काम ठोकला होता आणि व्हेनिसच्या महोत्सवात मान्यता मिळविली होती. कथा शिवराम वाशीकरांची, गीते शांताराम आठवल्यांची, संगीत केशवराव भोळे यांचे. बाल ज्ञानदेव यशवंत या बालनटाने रंगविला. वयात आलेले ज्ञानदेव मोडकांचे. प्रकाशनसमयी मोडक बावीस वर्षांचे होते. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली ती एकविसाव्या वर्षी. पडद्यावरील संतांच्या इतिहासात वयाचे इतके सत्य विरळा. पिकल्या दाढीचे संत पाहण्याची सवय लागलेल्या डोळ्यांस या चेहऱ्याने आठवण करून दिली की नऊ सहस्र ओव्यांचा तो ग्रंथ एका पोराने सांगितला होता.

येथे पैठण उभे राहते. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात प्रवेश केला या अपराधास्तव त्यांच्या मुलांस मुंजीचा अधिकार नाकारला गेला, आणि शुद्धिपत्र मिळविण्यासाठी ती भावंडे पैठणास आली, ही परंपरेने सांगितलेली कथा आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकांआधीच ठाऊक असते. नागघाटावर रेड्याने वेद म्हटले ते स्थळही आपण पाहुण्यांस हौसेने दाखवितो. चमत्काराच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. मला त्या शुद्धिपत्राविषयी बोलावयाचे आहे. प्रभातच्या त्या चित्रपटाचे दोन दिग्दर्शक पाहा: एक दामले, एक शेख फत्तेलाल. नायक पाहा: नगरचा ख्रिस्ती. तेराव्या शतकातील त्या धर्मसभेपुढे हे तिघे मिळून गेले असते तर तिघांपैकी दोघांस दाराच्या आतही घेतले गेले नसते. आणि तरीही ज्ञानदेवाची जी मूर्ती विसाव्या शतकातील मराठी माणसाच्या मनात वसली ती या मंडळींनी घडविली, आणि ती पाहताना पंढरीच्या वारकऱ्याने, आळंदीच्या फडकऱ्याने वा गावोगावच्या बायाबापड्यांनी नटाच्या जातीधर्माचा दाखला मागितला नाही.

यावरून महाराष्ट्र फार उदार होता असा निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही. ज्या गावात पडद्यावरच्या ख्रिस्ती ज्ञानदेवास हात जोडले गेले, त्याच गावात प्रत्यक्षातल्या दलित ख्रिस्ती माणसास पाणवठ्यावर पाऊल ठेवता येत नव्हते. पंढरपुरास विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांस उघडावे म्हणून साने गुरुजींस १९४७ साली प्राण पणास लावावे लागले, ते या चित्रपटानंतर सात वर्षांनी. पडद्यावरची उदारता स्वस्त असते. तिकिटाचे दोन आणे दिले की ती पदरात पडते. चित्रगृहाबाहेर तिची किंमत बदलते. परंतु स्वस्त असली तरी ती खोटी नव्हती, एवढे मात्र म्हणेन. भक्ताच्या डोळ्यांस देवाची खूण पटली की खूण कोणी धारण केली आहे याची चौकशी तो करीत नाही, ही वृत्ती आपल्या लोकपरंपरेत जुनी आहे. दशावतारातला कोकणी शेतकरी रात्री विष्णू होतो तेव्हा सावकारही त्याच्या पाया पडतो. सकाळी मात्र हप्ता मागावयास तोच येतो.

मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या दृष्टीने या चित्रपटांना आणखी एक बाजू होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हुकूमतीखाली होता. दरबारची, दप्तराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी ही घरची, शेताची आणि कीर्तनाची. अशा स्थितीत जत्रेच्या तंबूत वा तालुक्याच्या गावी एखाद्या मराठी बोलपटाचा पडदा उजळला की शुद्ध, सुसंस्कृत, सार्वजनिक मराठी कानी पडण्याचा तो एक दुर्मिळ प्रसंग होत असला पाहिजे. ज्या काळी सभेस परवाना लागे त्या काळी संतपटास सहसा कोणाची हरकत नसे. आणि ज्ञानदेवांच्या मुखाने बोलली जाणारी मराठी राजसत्तेच्या कोणत्याही फर्मानापेक्षा अधिक प्राचीन सनद घेऊन येत असे.

पुढचा प्रवास मी झपाट्याने सांगतो, कारण तो लांब असला तरी फारसा वळणाचा नाही. १९४२ साली विजय भट्टांच्या ‘भरत भेट’मध्ये, हिंदीत ‘भरत मिलाप’, ते भरत झाले; राम प्रेम अदीब, सीता शोभना समर्थ आणि कैकेयी दुर्गाबाई खोटे. १९४५ साली देवकी बोस यांच्या ‘मेघदूत’मध्ये लीला देसाईंसमवेत आले, त्याच वर्षीच्या ‘श्रीकृष्णार्जुनयुद्ध’मध्ये पृथ्वीराज कपूर अर्जुन आणि मोडक कृष्ण, १९४९ च्या ‘मायाबाजार’मध्ये पुन्हा कृष्ण. अशा कृष्णांची संख्या एकोणतीस सांगतात. चित्रपट बदलत, निर्माते बदलत, भांडवल कमीअधिक होई. मुकुट, मोरपीस आणि ते मंद स्मित मात्र कायम. त्या स्मिताविषयी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. फाळक्यांच्या काळापासून पडद्यावरचा देव एक तर खोडकर बालक होता (१९१९ च्या ‘कालियामर्दना’त फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती) नाही तर रविवर्म्याच्या तसबिरीतून उतरलेला निश्चल पुरुष. मोडकांनी त्यास एक मिश्कील, सर्व काही जाणून गप्प बसलेला, कोणाच्याही बाजूने पूर्णपणे न झुकणारा चेहरा दिला. शिष्टाई करणारा, युद्ध टळणार नाही हे ठाऊक असूनही बोलणी करणारा कृष्ण त्या चेहऱ्यास शोभे. पण चांगले स्मितही एकोणतीस वेळा मागविले गेले की त्याचा शिक्का बनतो. शेवटच्या शेवटच्या पौराणिक चित्रपटांत मोडक अभिनय करीत नाहीत, दर्शन देतात. निर्मात्यांस तेवढेच हवे होते आणि प्रेक्षकांसही.

या ठिकाणी हॉलिवुडच्या एका नटाची आठवण होते. सेसिल डी मिल यांनी १९२७ साली ‘किंग ऑफ किंग्ज’ काढला तेव्हा ख्रिस्ताची भूमिका एच. बी. वॉर्नर या नटास दिली आणि चित्रणकाळात नटांच्या खासगी वर्तनावरही करारपत्राने निर्बंध घातले, न जाणो ख्रिस्त कोठे सिगारेट ओढताना दिसला तर! परंतु हाच वॉर्नर १९४६ साली फ्रँक काप्रांच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये मुलाच्या मृत्यूने दारूत बुडालेला, चुकून औषधात विष मिसळणारा औषधविक्रेता झाला, आणि अमेरिकन प्रेक्षकाने त्यास मुकाट्याने स्वीकारले. ख्रिस्तास माणूस होऊ दिले. उलट टोकास आपल्या तेलंगणाच्या आणि आंध्राच्या पडद्याकडे पाहावे: नंदमुरी तारक रामाराव सतरा चित्रपटांत कृष्ण झाले, आणि १९८३ साली त्या मुकुटाचे तेज घेऊन थेट मुख्यमंत्रिपदावर आरूढ झाले. देवपणातून उतरून माणूस होण्याची वाट वॉर्नरला मिळाली. देवपणावर चढून राजा होण्याची वाट रामारावांनी काढली. मोडकांस पहिली कोणी मोकळी करून दिली नाही, आणि दुसरीवर ते कधी गेले नाहीत. गणपतसारखी भूमिका त्यांच्याकडे पुन्हा चालून आली नाही, हा दोष त्यांचा किती आणि आपला किती, याचा हिशेब मराठी चित्रपटाच्या इतिहासकारांनी एकदा मांडला पाहिजे. माझ्या मते तो बहुतांशी आपलाच आहे.

तरीही एक सुंदर वळण त्या वाटेवर आले. १९५७ साली, म्हणजे रामारावांचा तेलुगू ‘मायाबाजार’ गाजला त्याच वर्षी, देवेंद्र गोयल यांच्या ‘नरसी भगत’मध्ये मोडक नरसी मेहता झाले. आजवर ज्याच्या नावाने टाळ वाजले तो आता स्वतः टाळ हाती घेऊन कृष्णाची वाट पाहू लागला. त्यातील घनश्यामाचे दर्शन मागणारे गीत रवी यांनी संगीतबद्ध केले आणि गोपालसिंह नेपाली यांनी रचले. पण ते लोकांत इतके मुरले की २००८ च्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ या ऑस्करविजेत्या चित्रपटातील प्रश्नमंजूषेत त्याचा कर्ता सूरदास हेच बरोबर उत्तर म्हणून दाखविले गेले! बिचाऱ्या नेपालींचे नाव गेले, ही कवीची झालेली मोठी हानी खरी. तथापि चित्रपटातले एक पद अर्धशतकात संतवाङ्मयात जमा होते, आणि त्याची मूळ नोंद कोणी तपासूनही पाहत नाही, यावरून या चित्रपटांनी लोकमानसात केवढी जागा व्यापली होती ते ध्यानी यावे.

उत्तरायुष्यात मोडक चित्रपटसृष्टीपासून दूर गेले आणि ज्योतिषाच्या अभ्यासात रमले. पूर्वायुष्यात जैन साध्वी असलेल्या प्रतिभाताईंशी त्यांचा विवाह झाला. पुढे पतीचे चरित्रही त्यांनीच लिहिले. जन्माने ख्रिस्ती, लोकमान्यतेने वैष्णव, संसारात जैन संस्कारांचा शेजार: अशा माणसाची जनगणनेच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात नोंद करावी, हा प्रश्न कारकुनास पडावा, मोडकांस तो पडल्याचे त्यांच्या आयुष्यावरून दिसत नाही. ११ मे १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या प्रभातच्या आवारात गणपत आणि ज्ञानदेव जन्मले ती कंपनी १९५३ सालीच बंद पडली होती, आणि त्या जागेवर १९६० पासून सरकारी चित्रपट संस्था उभी आहे.

शेवटी चालकांस एक विनंती आणि या सभेतील तरुणांस एक काम सांगून मी माझे बोलणे आवरते घेतो. विनंती अशी की पुढील वर्षी या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ भाषणाऐवजी ‘माणूस’ दाखविण्यास द्यावी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी पत्रव्यवहार केल्यास त्याची सोय होऊ शकेल, आणि ‘संत ज्ञानेश्वर’ दुसऱ्या दिवशी दाखविता आला तर उत्तमच, कारण वर्षभराच्या अंतराने एकच चेहरा शिपायाचा आणि संताचा कसा होतो हे सांगून कळण्यासारखे नाही. काम असे: निजामी अमलात आणि त्यानंतरच्या दशकात मराठवाड्यातील कोणत्या गावी, कोणत्या जत्रेत, कोणत्या फिरत्या तंबूत हे चित्रपट लागले, परवाने कोणी दिले, करमणूक कर किती वसूल झाला, यांचे कागद जुन्या जिल्हा-दप्तरांत असणे संभवनीय आहे, आणि हे चित्रपट तेव्हा पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. कागद थांबतील, माणसे थांबणार नाहीत. म्हणून आधी माणसांकडे जावे, आणि पैठण, आपेगाव, गंगापूर या बाजूने आरंभ करावा.